लांबच्या राइडवर पंक्चर: ट्यूब नंतर, काटा आधी

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. तुम्ही रस्त्याच्या कडेला टायरशी झटापट करत बसलात म्हणून घड्याळ थांबत नाही. त्यामुळे जो तो ‘झटपट ट्यूब कशी बदलावी’ हेच शिकवायला बसतो. चार मिनिटांत चाक तयार, बघणारे खूश. पण टायरमध्ये जे रुतलं होतं ते तिथेच राहिलं, तर त्या चार मिनिटांना काय चाटायचंय?

पंक्चर काढणं म्हणजे काटा शोधणं. बाकी सगळी हमाली आहे. (ट्यूबलेसवाल्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल, त्यांचे भोग वेगळे.)

सामान तुमच्याकडे असेलच: दोन ट्यूब, टायर उचकटायच्या दोन लिव्हर, पंप, ठिगळं. त्यात भुवया उपटायचा छोटा चिमटा टाका. का, ते पुढे कळेल.

सायकल रस्त्यापासून नीट लांब घ्या. मागचं चाक असेल तर चेन सगळ्यात लहान चकतीवर आणा आणि चाक काढा.

टायर सोडवताना लिव्हर लगेच खुपसू नका. उरलीसुरली हवा सोडा आणि टायरची कड दोन्ही बाजूंनी दाबत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. तिथे रिमचा घेर कमी असतो, त्यामुळे टायर सैल पडतो. सुटा होणारा टायर ही साधी गोष्ट वाटते, पण १८९१ च्या पहिल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस सायकल शर्यतीत शार्ल तेराँ ७१ तास २२ मिनिटांत पहिला आला, तेव्हा त्याच्या सायकलला असलेले मिशलँचे सुटे होणारे टायर नवलाची चीज होती.

आता खरं काम.

एका ३०० च्या राइडला रात्री माझ्या मागच्या चाकाची हवा गेली. मी मोठ्या रुबाबात ट्यूब बदलली, टायरच्या आतून एकदा बोट फिरवलं, काही लागलं नाही, निघालो. आठ किलोमीटरवर पुन्हा फुस्स. दुसरी ट्यूब घातली, पुन्हा बोट फिरवलं, पुन्हा काही नाही. ती बारा किलोमीटर टिकली. मग हाताशी फक्त ठिगळं आणि शिव्या उरल्या. शेवटी सापडली ती केसाएवढी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर सांडते तसली. टायरच्या आत तिचं टोक दिसतच नव्हतं. टायर नुसता हातात असताना ती रबरात दडून राहायची आणि मी वजन टाकून बसलो, टायर चेपला, की आत टोचायची.

म्हणून ‘आतून बोट फिरवा’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. काच असेल तर बोट कापतं, तार असेल तर बोटाला कळत नाही. आधी ट्यूबला विचारा. तिच्यात हवा भरून ती दुप्पट जाडीची करा आणि हळूहळू ओठांजवळून फिरवा. कानाला ऐकू येत नाही ती झुळूक ओठांना कळते, विशेषतः वारा असताना. भोक सापडलं की त्यावर बोट ठेवा, सोडू नका.

आता भोक कुठे आहे ते नीट बघा. रिमकडच्या बाजूला असेल तर टायर तपासत बसू नका, दोष रिमच्या आतून लावलेल्या पट्टीत आहे. ती सरकून स्पोकचं छिद्र उघडं पडलं असणार. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर काटा नाहीच. हवा कमी होती, चाक खड्ड्यात आपटलं आणि ट्यूब रिममध्ये चेमटली. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर बहुधा पंप मारताना तुम्हीच हिसके दिलेत. रस्त्याकडच्या बाजूला एकच बारीक भोक असेल, तरच पुढचा शोध.

इथे एक जुनी सवय कामाला येते: टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हपाशी ठेवायचं. तसं केलं असेल तर ट्यूब टायरशेजारी धरायची, व्हॉल्व्ह नावाशी जुळवायचा आणि भोकापर्यंतचं अंतर मोजायचं. ट्यूब उलटी धरली गेली असेल अशी शंका आली, तर नावाच्या दुसऱ्या अंगालाही तेवढ्याच अंतरावर बघायचं. म्हणजे सबंध दोन मीटर टायर चाचपण्याऐवजी वीतभर लांबीच्या दोन जागा तपासायच्या. ज्यांचं कंपनीचं नाव कुठेही भरकटलेलं असतं त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पण थोडीच.

त्या जागी टायर उलटा वाकवा, आतली बाजू बाहेर येईल असा, आणि बाहेरून अंगठ्याने दाबा. दडलेली तार आता डोकं वर काढेल. बॅटरीचा उजेड समोरून नाही, आडवा टाका. टोक दिसलं नाही तरी त्याची सावली दिसते. बोटाऐवजी रुमाल फिरवा, धागा अडकतोच. मग चिमट्याने उपटा. बाहेरचं टोक तुटलं असेल तर आतून सेफ्टी पिनने बाहेर ढकला. दहा मिनिटं गेली तरी जाऊ द्या. मी त्या रात्री तासाहून जास्त घालवला होता.

टायरलाच मोठी चीर पडली असेल, तर आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा घडी घातलेली नोट लावा, नाहीतर ट्यूब चिरेतून फुगा होऊन बाहेर येते.

ठिगळ शक्यतो घरी लावा. रस्त्यावर लावायची वेळ आलीच, तर घासून सोल्युशन लावल्यावर त्याची चकाकी जाईपर्यंत थांबा. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ पहिल्या चढावर सुटतं.

नवी ट्यूब घालण्याआधी तिला आकार येईल एवढीच हवा भरा. टायर व्हॉल्व्हच्या बरोबर विरुद्ध बाजूने चढवायला घ्या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. बहुतेक जण उलटं करतात आणि शेवटच्या चार बोटांसाठी लिव्हर वापरून नवी ट्यूब तिथल्या तिथे फोडतात. तळहातांनी ढकला. जात नसेल तर कड पुन्हा खोलगट भागात दाबत या, सैल पडेल. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, ट्यूब कुठे चेमटलेली नाही ना ते गोल फिरून बघा, मग पंप मारा. पंपाऐवजी गॅसचं नळकांडं वापरलंत तर घरी गेल्यावर तो गॅस सोडून साधी हवा भरा. कार्बन डायऑक्साइड रबरातून लवकर झिरपतो, सकाळी चाक मऊ लागेल.

जुनी ट्यूब खिशात टाकण्याआधी तिला गाठ मारा, नाहीतर रात्री दोन वाजता तुम्ही तीच पुन्हा चढवाल.