आजीच्या माळेतली पुतळी मोडीत घालायच्या आधी हे बघा

आमच्या आत्याने १२-१५ वर्षांपूर्वी तिच्या सासूची पुतळ्यांची माळ मोडली, सराफाने वजन केलं, घट धरली आणि पैसे दिले, विषय संपला. नंतर जुना फोटो झूम करून बघितला तर दोन पुतळ्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या, जाड आणि कडेने अक्षरं असलेल्या. आता काय उपयोग.

तर पुतळी म्हणजे मुळात इटलीतल्या व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. १२८४ पासून थेट १७९७ ला व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत तेच चित्र, तेवढंच वजन (साधारण साडेतीन ग्रॅम) आणि जवळजवळ शंभर नंबरी सोनं. मसाल्याच्या व्यापारातून ती आपल्याकडे आली, त्यावरच्या उभ्या माणसांमुळे लोक पुतळी म्हणायला लागले आणि मग इथल्या सोनारांनी तशाच पाडायला सुरुवात केली. त्यामुळे माळेतल्या बहुतेक पुतळ्या इथल्याच नकला असतात हे आधीच सांगतो, उगाच स्वप्नं बघू नका.

ओळखायचं कसं? एक भिंग घ्या आणि नाणं कडेने धरा. एका बाजूला संत मार्क उभे, त्यांच्यासमोर गुडघा टेकलेला डोज (व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख), मधे झेंड्याची काठी आणि काठीजवळ वरून खाली डी, व्ही, एक्स. म्हणजे डुक्स, डोजचंच लॅटिन रूप, तेव्हा यू च्या जागी व्ही लिहायचे. दुसऱ्या बाजूला लंबगोलात येशू, भोवती चांदण्या. नकलेत अक्षरांच्या नुसत्या काड्या आणि टिंबं होतात, कारण ठसा कोरणाऱ्याला लॅटिन वाचताच येत नव्हतं!!

अक्षरं वाचता आली तर खरं काम सुरू. नाण्यावर साल नसतं, डोजच्या नावावरूनच काळ कळतो. संत मार्कांच्या बाजूला, कडेला एकीकडे एस एम व्हेनेटी (म्हणजे व्हेनिसचे संत मार्क) आणि दुसरीकडे डोजचं नाव. फ्रांचेस्को फोस्कारी (१४२३ ते १४५७) किंवा लिओनार्दो लोरेदान (१५०१ ते १५२१) हे रेनेसाँ काळातले म्हणजे बरेच जुने, पण त्यांनी बरीच वर्षं राज्य केलं म्हणून त्यांची नाणी त्यामानाने मिळतात. निकोलो मार्चेलो (१४७३-७४) किंवा मार्को बार्बारिगो (१४८५-८६) यांना जेमतेम वर्षभर मिळालं, तेव्हा असलं नाव दिसलं तर थांबा, कलेक्टर (जुनी नाणी जमवणारा) सोन्याचा भाव बघून नाही, हे नाव बघून पैसे मोजतो.

सोनं घरीच चेक करायचं तर ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा लागतो. आधी नाण्याचं वजन, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. साडेतीन ग्रॅमच्या शुद्ध नाण्याला ०.१८ च्या आसपास आकडा येतो, ०.२२ वगैरे आला तर भेसळ समजा. फक्त नाण्याला कडी डागलेली असेल तर हा हिशोब चुकतो, आणि माळेतल्या पुतळीला ती असतेच. कडी किंवा भोक असलं की कलेक्टरकडची किंमत बरीच पडते, आणि ती काढायला सोनाराकडे अजिबात देऊ नका कारण डाग आणि घासल्याची खूण राहतेच.

रिठा, टूथपेस्ट, ब्रश काहीही लावू नका प्लीज. दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि व्यास (साधारण २० मिमी) लिहून नाण्यांच्या लिलाववाल्यांना पाठवा, एकाच्याच मतावर जाऊ नका, आणि असंच नाव असलेल्या नाण्याला मागच्या लिलावांत काय मिळालं ते स्वतः शोधा.

परदेशातल्या भावाकडे पाठवून तिकडे विकू असा विचार असेल तर तो सोडा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू धरलं जातं आणि ते आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. आणि शेतात किंवा वाड्याच्या पायात पुरलेलं सापडलं असेल तर मग वेगळंच, ते आधी कलेक्टरला कळवावं लागतं, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरला हं, नाण्यांच्या नाही.