मत्स्यबीज तयार करताना या चुका टाळा: मासा वाढत नसेल तर त्याच्या आईबापांकडेही बघा

वर्ष झालं तरी रोहू अर्ध्या किलोपुढे सरकत नाही, अशी तक्रार आली की आधी खाद्य बदललं जातं, मग चुना टाकतात, मग एअरेटर येतो. पाणी, खाद्य आणि माशांची दाटी तपासायलाच हवी. पण ते सगळं ठीक असूनही वाढ रखडली तर बीजाची, म्हणजे तळ्यात सोडलेल्या पिल्लांची, चौकशी करा. ती आपल्याकडे फारच कमी जण करतात.

पूर्वी कार्पचं, म्हणजे रोहू-कटल्याच्या गटातल्या माशांचं, बीज नदीतून यायचं. पुराच्या पाण्यात जाळी लावून जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, गोळा करत. त्यात नको त्या माशांचंही जिरे मिसळलेलं असे, पण आईबाप हजारो असत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचं प्रजनन घडवलं. दुसऱ्या माशाच्या मेंदूखालची ही इवलीशी ग्रंथी काढायची, अल्कोहोलमध्ये जपायची, वाटून तिचा अर्क करायचा आणि मादीला टोचायचा. आज आपल्या तळ्यांत मासा आहे तो या कामामुळे, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे तोही त्यामुळेच. मात्र कार्पची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखभर अंडी देते. थोड्या जोड्यांत हॅचरीचं, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्राचं, काम भागतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

मोठे मासे विकून उरलेले प्रजनक (बीजासाठीचे आईबाप) म्हणून ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मोठ्या माशाला भाव चांगला, म्हणून तो आधी बाजारात जातो. तळ्यात उरतात ते कमी वाढलेले, आणि पुढच्या पावसाळ्यात इंजेक्शन त्यांनाच दिलं जातं. छोट्या माशाला अर्क कमी लागतो, तो हाताळायलाही सोपा, म्हणून कुणाला खटकतही नाही. कर्नाटकातल्या हॅचरींच्या अभ्यासातून एकनाथ आणि डॉयल या संशोधकांनी १९८५मध्येच दाखवलं होतं की अशा पद्धतीने नकळत उलटी निवड होते. शेतकरी आपल्या हाताने हळू वाढणारा वाण घडवत जातो. प्रजनक वेगळे काढायचे ते विक्रीच्या आधी, पहिल्या जाळ्यातच.

दोन-चार नरांवर सगळा हंगाम काढणं

आनुवंशिकदृष्ट्या आपले प्रजनक खरे किती धरायचे, याचा हिशेब सोपा आहे. नर आणि मादींच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि एकूण प्रजनकांच्या संख्येने भागा. २० माद्या आणि २ नर असतील तर उत्तर येतं जेमतेम ७. म्हणजे २२ मासे असूनही आनुवंशिकदृष्ट्या सातच. अशाने एका पिढीत अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. २५ नर आणि २५ माद्या ठेवल्या तर वाढ १ टक्क्यावर येते. त्याच दोघा संशोधकांच्या १९९०च्या अंदाजात हॅचरींमधला हा दर २ ते १७ टक्के होता. अशक्त पिल्लं, जास्त मर आणि वेडीवाकडी हाडं दिसू लागली की हा हिशेब मांडून बघा.

कटला आणि रोहू एकाच कुंडात सोडणं

जागा वाचते, पण संकर होतात, आणि त्या संकरांनाही पुढे पिल्लं होऊ शकतात. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. रोहूच्या ओठांना झालर असते. दोन्हींच्या मधला वाटणारा मासा प्रजनकांत ठेवू नका.

सुधारित वाणाच्या बीजाची एक पिशवी आणून त्यावरच वंश चालवणं

भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने १९९२च्या सुमारास रोहूची निवड सुरू केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा नद्यांतले मासे एकत्र आणले. पिढीमागे वाढ सरासरी १७ टक्क्यांनी सुधारली आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९९७मध्ये, त्या वाणाला ‘जयंती’ नाव मिळालं. हे यश अनेक कुटुंबं वेगवेगळी सांभाळल्यामुळे आलं. तुमच्या एका पिशवीत मात्र बहुतेक सख्खी भावंडं असतात. बीज वाढवून विकायचं असेल तर ती चालतील. प्रजनक करायचे असतील तर वेगवेगळ्या लॉटचं बीज घ्या आणि ठरावीक वर्षांनी नवं रक्त आणा.

बीजाबद्दल शंका असेल तर दोन ठिकाणची, एकाच वयाची आणि एकाच आकाराची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घ्या. एका लॉटचा पोटाकडचा एक पर मुळाजवळ कापा आणि दोन्ही लॉट सारख्याच संख्येने एकाच तळ्यात सोडा. पाणी तेच, खाद्य तेच. सहा महिन्यांनी जाळं टाका आणि खुणेच्या व बिनखुणेच्या माशांची वजनं वेगवेगळी मांडा.