गॅस भरूनही कारचा एसी आठवड्याभरात गरम हवा देत असेल तर : माझा अनुभव

एकच गेज (दाबमापक) असलेल्या नळीने दोनदा आर-१३४ए (कारच्या एसीत भरला जाणारा थंडावा देणारा गॅस) भरला आणि दोन्ही वेळा थंडावा आठवड्याभरातच गेला. त्या मनस्तापानंतर कळले की केवळ कमी दाबाच्या बाजूचे गेज पाहून यंत्रणेत किती गॅस आहे हे ठरवता येत नाही. गळती बुजवणारे रसायन मी मुद्दाम टाळले, कारण ते गॅस काढणारे यंत्रही बिघडवू शकते.

साबणाच्या पाण्याने कमी दाबाच्या बाजूच्या सर्व्हिस व्हॉल्व्हवर (गॅस भरण्याच्या तोंडावर) बुडबुडे दिसले, म्हणजे गळती तिथेच होती. उरलेला गॅस हवेत न सोडता कार्यशाळेतील यंत्राने काढून घेतला आणि व्हॉल्व्हचा गाभा (आतला बंद-उघड होणारा भाग) बदलला. मग मॅनिफोल्ड गेज (दोन्ही बाजूंचा दाब दाखवणारा, नळ्या व व्हॉल्व्ह असलेला संच) जोडून व्हॅक्यूम पंप (यंत्रणेतील हवा व ओल ओढून घेणारा) ४५ मिनिटे चालवला, मॅनिफोल्डचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले आणि अर्धा तास गेजचा काटा हलत नाही याची खात्री केली. त्यानंतर गॅसच्या डब्याला जोडलेल्या पिवळ्या नळीतील हवा काढून, डबा डिजिटल वजनकाट्यावर उभा ठेवून, बॉनेटखालील लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस कमी दाबाच्या बाजूने भरला. इंजिन चालू असताना मॅनिफोल्डचा उच्च दाबाच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडू नये; तो दाब डब्यात शिरून डबा फुटू शकतो. लेबलवर आर-१२३४वायएफ (एसीचा दुसरा, वेगळा गॅस) असल्यास आर-१३४ए भरू नये.