‘वेअर’ कुठे वापरावं आणि ‘पुट ऑन’ कुठे?

मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, शाल पांघरतात, अत्तर लावतात. इंग्रजीत या सगळ्याला ‘वेअर’ चालतं. चष्मा, घड्याळ, इतकंच काय, राखलेली दाढीसुद्धा ‘वेअर’च. एकच शब्द म्हणून सोपा वाटतो, आणि नेमकं तिथेच आपण चुकतो.

आधी बघा, घालणं चालू आहे की घालून झालंय. खाली रिक्षा थांबलीय, तुम्ही दारात वाकून बुटाची नाडी बांधताय आणि जिन्यातून हाक येते. ‘आय अ‍ॅम वेअरिंग माय शूज’ म्हणालात तर ऐकणारा समजेल, बूट पायात आहेत. मग हा माणूस खाली का येत नाही? तिथे ‘आय अ‍ॅम पुटिंग ऑन माय शूज’ हवं. ताळा मराठीतच करा. मनात ‘घालतोय’ आलं तर ‘पुटिंग ऑन’, ‘घातलेत’ आलं तर ‘वेअरिंग’. रोजची सवय सांगताना मात्र ‘वेअर’च: आजी रोज नऊवारी नेसते, म्हणजे ‘शी वेअर्स’.

दुसऱ्याला कपडे घालायचे असतील तर ‘वेअर’ नको. बाळाला कपडे घालणं म्हणजे ‘ड्रेस द बेबी’. ‘वेअर द बेबी’ म्हटलं तर बाळाला झोळीत घालून अंगाशी बांधणं असा अर्थ होतो.

भूतकाळ ‘वोअर’, तिसरं रूप ‘वॉर्न’. ‘वेअर्ड’ कधीच नाही. जुन्या इंग्रजीत हे ‘वेरियन’ होतं आणि नियमित चालायचं. पुढे ‘बेअर’, ‘टेअर’ यांच्या वळणावर गेलं. कपडा वापरून वापरून विरतो, म्हणून झिजण्याचा अर्थही याच शब्दाला चिकटला. टाचेकडे झिजलेली चप्पल ‘वॉर्न आऊट’, आणि दिवसभर राबून गळून गेलेलं माणूसही.

मला या शब्दाचं मूळ फार आवडतं. ‘वेरियन’ आणि संस्कृतातला ‘वस्’, म्हणजे अंगावर घेणे, हे एकाच इंडो-युरोपीय धातूतून आले. इंग्रजीकडच्या वाटेवर ‘स’चा ‘र’ झाला. इकडे ‘वस्’पासून वस्त्र आणि वसन आले, आणि ‘नि’ लागून झालेल्या ‘निवस्’मधून आपलं ‘नेसणं’ आलं. ‘शी इज वेअरिंग अ सारी’ आणि ‘ती साडी नेसलीय’, या दोन वाक्यांतली क्रियापदं एकाच घरातली आहेत.