अरबीतील इअराब: शेवटच्या स्वराच्या या चुका टाळा

अभिजात आणि प्रमाण अरबीत नामाचे वाक्यातील काम बहुधा त्याच्या अखेरच्या स्वरावरून कळते. कर्त्याला उकार (रफ़्अ), कर्माला अकार (नस्ब) आणि ‘फ़ी’ (मध्ये), ‘मिन्’ (पासून) यांसारख्या अव्ययांनंतर येणाऱ्या नामाला इकार (जर्र) लागतो. या व्यवस्थेला इअराब म्हणतात. छापील मजकुरात हे स्वर सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे ते वाचकालाच ओळखावे लागतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे क्रियापदानंतरचे पहिले नाम कर्ता समजणे. कुराणातील ३५:२८ या आयतीत ‘अल्लाह’ हे नाम आधी येते आणि ‘उलमाउ’ नंतर. पण पहिल्याला अकार व दुसऱ्याला उकार असल्यामुळे अर्थ होतो की अल्लाहच्या भक्तांपैकी ज्ञानीच त्याचे भय बाळगतात. हे दोन स्वर अदलाबदल झाले, तर भय बाळगणारा अल्लाह ठरतो. म्हणून आधी क्रियापद पाहावे, ते कोण करतो हे ठरवावे आणि मगच स्वर लावावा.

मराठीभाषकांची आणखी एक अडचण लिपीतून येते. ‘अल्-किताबु’ आणि ‘अल्-किताबि’ देवनागरीत स्पष्ट वेगळे दिसतात, परंतु नस्बचे रूप ‘अल्-किताब’ असेच लिहिले जाते आणि आपण सवयीने त्याचा अंत्य अकार गिळून टाकतो. त्यामुळे कर्माची खूणच नाहीशी होते. टिपणे पहिल्यापासून स्वरचिन्हांसह अरबी लिपीत ठेवणे हाच यावर खरा उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे. शिवाय ‘मुलगा वाचतो’ आणि ‘मुलाने वाचले’ असा काळानुसार होणारा बदल अरबी कर्त्यात शोधू नये; तेथे दोन्ही काळांत रफ़्अच असते. मात्र वाक्यारंभी ‘इन्न’ (‘खरोखर’) हे अव्यय आल्यास उद्देश्याला नस्ब होते.

‘विद्यार्थ्याचे पुस्तक’ यासारख्या रचनेत अनेकजण दोन्ही नामांना इकार देतात. जर्र फक्त दुसऱ्या नामाला निश्चित असते. पहिल्याचा स्वर वाक्यातील त्याच्या कामानुसार बदलतो.

काही रूपे अपवादात्मक असल्याने ती पाठच करावीत: ‘फ़ी’नंतरही ‘मक्का’ या नामाला अकारच लागतो, तर ‘-आत’ अंत्य असलेल्या स्त्रीलिंगी अनेकवचनाला नस्बमध्ये इकार येतो.

वाचताना थांबल्यावर मात्र अखेरचा ऱ्हस्व स्वर उच्चारू नये. ‘अल्-’ नसलेल्या नामाच्या शेवटी येणारा ‘न्’ही गळतो: ‘किताबुन्’चे ‘किताब्’ होते, पण ‘किताबन्’चे ‘किताबा’.