रिलीजच्या आधीचा महिना: कंटेनर रनटाइमच्या सीआयची तयारी

कंटेनर म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कप्प्यात चालणारा प्रोग्राम, आणि तो चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे रनटाइम. रनसी हा या दुनियेतला सगळ्यात खालचा गडी. डॉकर असो की कुबरनेटीसखालचा कंटेनरडी (कंटेनर सांभाळणारी वरची साधनं), कंटेनर प्रत्यक्ष उभा करायचं शेवटचं काम बहुतेक ठिकाणी तोच करतो. डॉकरने तो २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या कंटेनरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या हवाली केला. आमचा प्रकल्प त्याच कुळातला, पण बराच लहान. सीआय (कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा) आणि रिलीज सांभाळणारे आम्ही तिघं. यंदा त्यात एक नवा हात येतोय, म्हणून ही तयारी सविस्तर लिहून ठेवते. रनसीचं कामकाज उघड्यावर चालतं आणि आम्ही बरंच काही तिथूनच शिकलो, तेव्हा उदाहरणंही तिथली येतील.

तारीख ठरली की महिनाभर आधी सुरुवात टेस्टच्या मशीनपासून करावी. गिटहबने उबुंटू २०.०४ ची रनर इमेज (टेस्ट चालवणाऱ्या मशीनचा तयार साचा) २०२५ च्या एप्रिलमध्ये काढून टाकली. ज्यांच्या वर्कफ्लोत (सीआयने काय चालवायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) ते नाव लिहिलेलं राहिलं, त्यांच्या टेस्ट त्यानंतर चालेनात. अशा तारखा आधी जाहीर होतात, पण त्या वाचण्याचं काम कुणाच्या तरी नावावर असावं लागतं. आमच्याकडे आता ते नव्या माणसाच्या नावावर आहे. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीचंही असंच. नवी आवृत्ती दर फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये येते, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या शेवटच्या दोनच आवृत्त्यांना मिळतात. रिलीज ब्रँच (रिलीजसाठी वेगळी काढलेली कोडची शाखा) वर्षभर जगणार असेल तर मधेच गोची आवृत्ती वाढवावी लागणार, हे गृहीत धरूनच चालावं.

कंटेनर रनटाइमची टेस्ट थेट कर्नलशी (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याशी) बोलते, म्हणून एका मशीनवर हिरवं दिसलं याला फारसा अर्थ नाही. सीग्रुप (सीपीयू-मेमरीचा वाटा ठरवणारी कर्नलची सोय) व्ही१ की व्ही२, सिस्टमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममार्फत की थेट, रूट की रूटलेस (प्रशासकाच्या हक्कांसह की त्यांविना), एवढ्यातच आठ जोड्या झाल्या. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने (वितरणाने) २०१९ मध्ये ३१ व्या आवृत्तीपासून व्ही२ डिफॉल्ट केलं, तरी व्ही१ वरचे जुने सर्व्हर अजून चालू आहेत आणि त्यांच्या तक्रारी आमच्याकडे येतातच. शिवाय एसईलिनक्स (कर्नलमधली सुरक्षेची कडक व्यवस्था) चालू असलेली डिस्ट्रो हवी. गिटहबच्या लिनक्स रनरवर उबुंटू मिळतं, तेव्हा आम्ही रनरच्या आत लिमा या टूलने फेडोरा आणि अल्मालिनक्सची व्हीएम (आभासी मशीन) उभी करतो. सगळी जोडणी एकदा मुख्य ब्रँचवर आणि एकदा रिलीज ब्रँचवर चालवून बघावी. रिलीज ब्रँचची वर्कफ्लो फाइल जुनी असते, आणि नेमकी तीच तपासायची राहून जाते.

आता फ्लेकी टेस्ट, म्हणजे कोड न बदलताही कधी पास तर कधी फेल होणाऱ्या. मला सगळ्यात जास्त याबद्दलच सांगायचं आहे. आमच्याकडे एक साधी टेस्ट होती: कंटेनर सुरू करायचा, आत ‘एक्झिट ७’ ही कमांड (७ हा कोड देऊन संपणारी; ० म्हणजे सगळं ठीक) चालवायची, आणि बाहेर ७ येतो का ते बघायचं. वीस-पंचवीस वेळांत एकदा ० यायचा. लॉगमध्ये दोनच ओळी असत, अपेक्षित ७, मिळाला ०. आम्ही री-रन दाबायचो, हिरवं व्हायचं, मर्ज करायचो. हे तीन महिने चाललं. रिलीजच्या आदल्या आठवड्यात मी ती टेस्ट एकटी बाजूला काढली आणि सीपीयूवर मुद्दाम भार टाकून रात्रभर लॅपटॉपवर फिरवली. हजारात एकेचाळीस वेळा ० आला. चाइल्ड प्रोसेस (कंटेनरमधला तो प्रोग्राम) फार लवकर संपला की त्याचा एक्झिट कोड वाचायच्या आतच कोडचा दुसरा भाग त्याला उचलून मोकळा करत होता. म्हणजे कुणाच्या तरी सर्व्हरवर आजारी पडलेल्या सेवेची हेल्थ चेक ‘सगळं ठीक’ असं सांगत राहिली असती. ती टेस्ट तीन महिने आम्हाला खरं तेच सांगत होती.

तेव्हापासूनचा नियम असा की री-रन दाबण्याआधी फेल झालेल्या लॉगचा दुवा त्या टेस्टच्या इश्यूत (गिटहबवरच्या तक्रारीच्या नोंदीत) चिकटवायचा. इश्यू नसेल तर उघडायचा. रिलीजच्या दोन आठवडे आधी या इश्यूंची यादी घेऊन बसायचं आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहायचं: दुरुस्त केली, की दोष टेस्टचाच आहे आणि तो का. यातलं काहीच लिहिता येत नसेल तर रिलीज थांबते. रिलीज ब्रँचवर आपोआप होणारे री-ट्राय आम्ही बंदच ठेवले आहेत. वेळ जातो, पण मला हा वेळ कधीच वाया गेल्यासारखा वाटला नाही.

त्याच आठवड्यात वर्कफ्लोतल्या परक्या ॲक्शन (दुसऱ्यांनी लिहिलेले तयार टप्पे) बघून घ्याव्यात. २०२५ च्या मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्सच्या ‘चेंज्ड-फाइल्स’ या ॲक्शनचे टॅग (आवृत्तीच्या नावाच्या चिठ्ठ्या) हल्लेखोराने एका घातक कमिटकडे (कोडच्या नोंदवलेल्या बदलाकडे) वळवले. २३,००० हून जास्त रिपॉझिटरी (कोडची भांडारं) ती वापरत होत्या. रनरच्या मेमरीतली गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली जाऊ लागली, आणि पब्लिक रिपॉझिटरीचा लॉग तर कुणालाही वाचता येतो. ज्यांनी टॅगऐवजी पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळख) लिहिला होता, ते बहुतांशी वाचले. म्हणून आमच्या फाइलींत फक्त हॅश असतो, शेजारी कमेंटमध्ये आवृत्ती. वर्कफ्लोच्या टोकनला (गिटहबने दिलेल्या परवान्याला) डिफॉल्ट वाचण्यापुरतेच हक्क द्यावेत. ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा (बाहेरून आलेल्या बदलावर, पण आपल्या रिपॉझिटरीच्या हक्कांनी वर्कफ्लो चालवणारा) ट्रिगर कुठे असेल तर तिथे बाहेरच्या फोर्कचा (रिपॉझिटरीच्या प्रतीचा) कोड चेकआउट होत नाही ना, हे एका माणसाने डोळ्यांनी वाचून खात्री करावी. टूलवर सोडू नये.

बिल्डची रंगीत तालीम रिलीज कँडिडेटच्या (अंतिम रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीच्या) निमित्ताने होते. ती पूर्ण करावी, अर्धवट नको. बेस इमेज (बिल्ड जिच्यावर उभं राहतं ती) डॉकर हब या सार्वजनिक साठ्यावरून ओढत असाल तर लॉगिनशिवायच्या पुलवर नोव्हेंबर २०२० पासून मर्यादा आहे. ती आयपीमागे मोजली जाते, आणि सामायिक रनरवर आयपी आपला एकट्याचा नसतो. इमेज डायजेस्टने (आशयावरून काढलेल्या ओळखीने) पक्की करून आपल्या रजिस्ट्रीत (इमेजच्या साठ्यात) एक प्रत ठेवावी. आर्म६४, पीपीसी६४एलई, एस३९०एक्स, रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-प्रकारांच्या बायनरी क्रॉस-कंपाइल होऊन (दुसऱ्याच प्रकारच्या मशीनवर बनून) निघतात, पण निघाली म्हणजे चालली असं नाही. निदान क्यूइमूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या टूलमध्ये) व्हर्जन छापून बघावं, आणि आर्म६४ वर तर पूर्ण टेस्ट चालवाव्यात, आता पब्लिक रिपॉझिटरींना गिटहबकडे तसे रनर मिळतात. रनसीच्या बायनरीत लिबसेककॉम्प (सिस्टम कॉल गाळणारी लायब्ररी) स्टॅटिक जोडलेलं (आतच सामावलेलं) असतं आणि त्याचं लायसन्स एलजीपीएल आहे, म्हणून तिथे रिलीजसोबत लिबसेककॉम्पचा सोर्सही ठेवतात. आमच्या यादीत ही ओळ फार उशिरा आली.

मग ‘--व्हर्जन’चं आउटपुट शब्द न् शब्द वाचायचं: आवृत्ती, कमिट, स्पेक (पाळलेलं मानक), गो, लिबसेककॉम्प. कमिटच्या ओळीत शेवटी ‘डर्टी’ दिसलं तर बिल्ड टाकून द्यायचं, कारण चेकआउटमध्ये कुणाचा तरी कमिट न केलेला बदल पडून आहे. एकदा माझाच होता, डीबगिंगसाठी टाकलेली एक प्रिंट. आउटपुट वाचलं म्हणून ती बाहेर गेली नाही.

टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) टॅगवरूनच बनवावा आणि दुसऱ्या कुणीतरी तो पुन्हा बनवून ताडून बघावा. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या टूलच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) सापडलं. ते चालू करणारी बिल्ड स्क्रिप्ट गिटमध्ये नव्हतीच, ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. गिट कितीही बारकाईने तपासलं असतं तरी ती दिसली नसती. बायनरीचंही तसंच करावं. ‘ट्रिमपाथ’ लावून (मशीनवरचे फोल्डरचे मार्ग वगळून) आणि ‘सोर्स डेट एपॉक’ ठरवून (बिल्डची वेळ पक्की करून) दोन माणसांनी दोन मशीनवर बिल्ड करायचं, आणि दोन्ही एसएचए२५६ चेकसम (फाइलीवरून काढलेली ओळख) जुळले तरच सही. सहीच्या जीपीजी कीची (फाइल आपलीच आहे हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल किल्लीची) मुदत महिनाभर आधी बघावी. मुदत वाढवली की सार्वजनिक कीरिंगची (किल्ल्यांच्या संचाची) फाइलही अपडेट करावी, नाहीतर पडताळणी करणाऱ्यांना की संपलेलीच दिसते. सही करू शकणारे किमान दोघं हवेत. आमची ऑक्टोबरअखेरची रिलीज दिवाळीच्या आसपास पडते, आणि त्या आठवड्यात कोण घरी, कोण गावी हे आधीच विचारून ठेवावं लागतं.

कँडिडेट निघाला की आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या सीआयमध्ये तो घालून बघावा. कंटेनरडीच्या रिपॉझिटरीत ‘स्क्रिप्ट/सेटअप/रनसी-व्हर्जन’ नावाची एक ओळीची फाइल आहे. त्यातला आकडा बदलून पुल रिक्वेस्ट (बदल घेण्याची विनंती) टाकली की त्यांच्या सगळ्या टेस्ट नव्या रनसीवर चालतात. आपल्या टेस्टला जे कधी सुचलं नसतं, ते तिथे उघडं पडतं.

सुरक्षेच्या रिलीजची तयारी वेगळी करावी लागते, आणि ती शांत दिवसांत करावी. गिटहबवर सिक्युरिटी ॲडव्हायजरीसाठी (सुरक्षेच्या सूचनेसाठी) जो तात्पुरता खासगी फोर्क मिळतो, त्यात सीआय चालत नाही. म्हणजे सगळ्यात नाजूक पॅच नेमका टेस्टविना तयार होतो. रनसीने ३१ जानेवारी २०२४ ला १.१.१२ काढली, ती सीव्हीई-२०२४-२१६२६ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षेच्या दोषासाठी. ५ नोव्हेंबर २०२५ ला तर तीन सीव्हीईंसाठी १.२.८, १.३.३ आणि १.४.०-आरसी.३ अशा तीन ब्रँचवर एकाच दिवशी रिलीज निघाल्या. असं काम अंगावर आलं तर सगळी टेस्ट जोडणी आपल्या मशीनवर एका कमांडने चालली पाहिजे. दर तीन महिन्यांनी नेट बंद करून ती चालवून बघावी. नेट बंद केल्यावरच कळतं की कुठली टेस्ट अजून बाहेरून इमेज ओढतेय. एम्बार्गोची (दोष जाहीर करण्याआधीच्या गुप्ततेची) संपायची वेळ यूटीसीत दिलेली असते. दुपारचे तीन म्हणजे पुण्यात रात्रीचे साडेआठ, तेव्हा जेवण आधी उरकावं.

रिलीजच्या दिवशीची पुल रिक्वेस्ट दोन कमिटची असते, पहिल्यात आवृत्तीचा आकडा, दुसऱ्यात ‘पुन्हा डेव्हलपमेंट’. टॅग पहिल्यावर लागतो, पण सीआय चालतं टोकावर, म्हणजे दुसऱ्यावर. म्हणून पहिल्या कमिटची वेगळी ब्रँच पुश करून तिच्यावर सगळं हिरवं झालेलं बघावं. मर्ज करताना स्क्वॉश करू नये, दोन्ही कमिट एकात मिसळले तर टॅग लावायला जागाच उरत नाही. रिलीज आधी ड्राफ्टमध्ये ठेवून सगळ्या फाइली चढवाव्यात. प्रसिद्ध केल्यावर एका कोऱ्या व्हीएमवर त्या उतरवाव्यात, चेकसम आणि सही पडताळावी, आणि एक कंटेनर चालवून बघावा.

एवढं करून चूक निघालीच तर टॅग हलवू नये. गोच्या मॉड्यूल प्रॉक्सीने आणि चेकसम डेटाबेसने (गोची पॅकेज वाटणाऱ्या आणि त्यांचे चेकसम साठवणाऱ्या सर्व्हरने) जुना टॅग नोंदवून घेतलेला असतो, त्यामुळे तोच आकडा नव्या कमिटवर लावला तर लोकांची बिल्डं ‘चेकसम मिसमॅच’ म्हणत थांबतात. पुढचा आकडा घ्यावा, चेंजलॉगमध्ये काय चुकलं ते एका ओळीत लिहावं, आणि त्याच संध्याकाळी या यादीत त्याची भर घालावी.