एका गुंठ्यातली परसबाग: आधी सावली मोजा, मग खड्डा घ्या

तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे एक गुंठा. एवढ्या मोकळ्या जागेत लिंबू, पेरू, दोन-तीन पपया, एक शेवगा, कढीपत्ता आणि वर्षभर आलटून-पालटून भाजी घेता येते. तरीही हौसेनं लावलेल्या पुष्कळ परसबागांची तिसऱ्या-चौथ्या वर्षी नुसती झाडी होते. मेथी पिवळी पडून लांबट होते, टोमॅटोला फूल टिकत नाही. मग लोक खत वाढवतात. अशा वेळी दोष बहुधा खताचा नसतो, झाडं चुकीच्या बाजूला लागलेली असतात.

पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो की वस्तूची सावली उत्तरेला तिच्या उंचीच्या सुमारे नऊ-दशांश पडते. १५ फुटी झाडाची सावली साडेतेरा फूट, २० फुटी भिंतीची १८ फूट. सकाळ-संध्याकाळ ती याहून लांब. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, कोबी, वाटाणा या भाज्यांचा सर्वांत चांगला हंगाम नेमका हाच. मे महिन्यात दुपारची सावली बुंध्याशी गोळा होते आणि पश्चिमेचं ऊन मात्र वाफे भाजून काढतं. त्यामुळे उंच होणारी झाडं उत्तर आणि पश्चिम कडेला लावा. भाजीचे वाफे दक्षिण आणि पूर्व बाजूला मोकळे राहू द्या. घराच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या उत्तरेची पट्टी हिवाळ्यात सावलीतच राहणार, तिथे अळू, आलं, हळद, पुदिना यांपलीकडे हट्ट करू नका.

आंबा, फणस, नारळ एका गुंठ्यात लावायचाच असेल तर भाजीचा विचार सोडून द्यावा लागतो. भिंतीपासून लिंबू-पेरू किमान ८ फूट आणि सेप्टिक टँकपासून सगळीच झाडं लांब ठेवा.

घराभोवतीची माती म्हणजे बहुधा माती नसतेच

नव्या घराभोवती विटांचे तुकडे, खडी, वाळलेला सिमेंटचा माल आणि पायातून निघालेला मुरूम पसरून वर चार बोटं माती टाकलेली असते. कुदळीनं दोन फूट उकरून बघा. सिमेंटमुळे अशी जागा विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, होते आणि झाडाला लोह उचलता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर कारण हेच. देशावरच्या चुनखडी जमिनीतही हेच होतं. मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसलं तर चुना भरपूर आहे. तिथे खड्डा मोठा घेऊन निघालेला माल फेकून द्यावा आणि बाहेरची पोयटा माती भरावी. नंतर शेणखत दरवर्षी घालावं लागतंच. पिवळेपणा दिसला की १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना मिसळून, गाळून पानांवर फवारावं.

दुसरी परीक्षा निचऱ्याची. एक फूट खोल खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर तिथे खोल खड्डा घेणं म्हणजे झाडासाठी हौद बांधणं. काळ्या जमिनीत असंच होतं. मग फूट-दीड फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावा.

खड्डा आणि लागवड

एप्रिल-मेमध्ये दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन तीन-चार आठवडे उन्हात तापू द्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोयटा माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड आणि अर्धा ते एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट एकत्र करून भरा. भर जमिनीच्या सहा इंच वर येऊ द्या, ती पावसानं बसते. ओलं, कच्चं शेण घातलं तर हुमणीची अळी येते आणि रोप मुळाशी खाल्लं जातं. वाळवी असेल तिथे तळाला पालापाचोळा टाकायची जुनी पद्धत टाळा.

चांगले दोन पाऊस झाले की लावा. पिशवी कापल्यावर मुळ्यांचं वेटोळं तळाशी दिसलं तर तेवढं कात्रीनं छाटा, नाहीतर मुळ्या गोलच फिरत राहतात. कलमाचा जोड मातीच्या वर किमान अर्धा फूट हवा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी तीन-चार महिन्यांनी काढायला लोक विसरतात, मग खोड तिथेच आवळून वाऱ्यात मोडतं. जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट नखानं खुडून टाका. ती जोमदार दिसते, पण खुंटाची असते आणि वरच्या कलमाला उपाशी मारते.

लिंबू

कागदी लिंबाला कलमाचीही गरज नाही. बियांपासूनचं रोप बहुतांशी आईसारखंच निघतं, फक्त फळाला चार-पाच वर्षं लागतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात देशावर चांगली चालते. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या, कारण खैऱ्या, म्हणजे पानांवर-फळांवर खरबरीत तपकिरी डाग पाडणारा रोग, रोपाबरोबरच घरी येतो.

लिंबाला पाणी बुंध्याशी घालणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे. बुंधा सतत ओला राहिला की साल कुजते, डिंक गळू लागतो आणि झाड एका बाजूनं वाळत जातं. याला डिंक्या म्हणतात. उपाय म्हणजे दुहेरी आळं. बुंध्याभोवती फूट-दीड फुटावर मातीचा पहिला बांध घालून आतली जागा कोरडी आणि उंच ठेवायची. दुसरा बांध पानांच्या घेराच्या थोडा बाहेर. पाणी या दोन बांधांमध्ये. झाड वाढेल तसा बाहेरचा बांध सरकवायचा. लिंबाच्या पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या असतातच तिथे.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला दोन-अडीच फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र ओता. लोखंडी खिळा बुडवून काढा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची.

‘झाड हिरवंगार आहे, पण लिंबू धरत नाही’ ही तक्रार घरच्या बागेत नेहमी ऐकू येते. रोज नळीनं पाणी आणि वर युरिया मिळाल्यावर झाड पालवीच काढत राहतं. त्याला ताण हवा. डिसेंबरमध्ये पाणी बंद करा. मध्यम जमिनीत चार-पाच आठवड्यांत पानं फिकट होऊन काही गळतात. तेव्हा आळं हलकं चाळून १५-२० किलो शेणखत, दोन किलो निंबोळी पेंड घाला. पहिलं पाणी थोडं, दुसरं जास्त, तिसऱ्यापासून नेहमीसारखं. हा आंबे बहार, जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो. भर उन्हाळ्यात लिंबू हवं असेल तर हस्त बहार धरावा लागतो, पण त्यासाठी सप्टेंबरात ताण बसायला हवा आणि त्या दिवसांत पाऊस तो बसू देतोच असं नाही. तीन वर्षांखालच्या झाडाला ताण देऊ नका.

नव्या पालवीवर नागमोडी पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती नागअळी. तिनं केलेल्या जखमांतून खैऱ्या शिरतो, म्हणून पालवी फुटतानाच निंबोळी अर्क फवारा (कृती शेवटी दिली आहे). खैऱ्याच्या फांद्या छाटून जाळा आणि १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मारा. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारख्या दिसणाऱ्या अळ्या फुलपाखराच्या असतात. त्या हातानं वेचल्या तरी पुरे, मात्र दोन दिवस दुर्लक्ष केलं तर लहान रोप बोडकं होतं. आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी लिंबाला कधीही घालू नका, त्यातले क्षार पानांची टोकं जाळतात.

पेरू, पपई, शेवगा

सरदार जातीचा पेरू घ्या आणि त्याला उंच होऊ देऊ नका. दोन फुटांवर शेंडा मारा, फुटलेल्या फांद्यांपैकी चार बाजूंच्या चार ठेवा, त्या पुन्हा निम्म्यावर छाटा. पेरूला फळ नव्या फुटीवरच येतं. म्हणून मेअखेरीस हलकी छाटणी केली की हिवाळ्यात फळ मिळतं, आणि चव त्याच फळाला असते. पावसाळी पेरू पाणचट आणि फळमाशीनं अळ्या पडलेला. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधा. कोकण कृषी विद्यापीठानं विकसित केलेला रक्षक सापळा मिथाइल युजेनॉलच्या आमिषासह पाच-सहा फुटांवर टांगा. हे आमिष फळझाडांवरच्या माशीसाठी आहे. कारली-दोडक्यावरची माशी वेगळी, तिला क्यू ल्युअर लागतो. खाली पडलेली फळं कंपोस्टमध्ये टाकली तर माशांची पुढची पिढी तुम्हीच पोसता. ती दीड-दोन फूट खोल पुरा.

पपई ही जागा भरायची चीज आहे, दोन-तीन वर्षांत काढूनच टाकायची. लिंबू-पेरू लहान आहेत तोवर मधल्या जागेत सहा-सात फुटांवर लावा. रेड लेडी जातीचं प्रत्येक झाड फळ देतं. खाल्लेल्या पपईच्या बिया लावल्या तर एका खड्ड्यात तीन रोपं ठेवून फुलं आल्यावर नर काढावे लागतात. दोन दिवस पाणी साचलं तरी पपई कोसळते. पानं चट्टेरी होऊन अरुंद झाली, फळावर गोल वलयं उठली तर तो मावा किडीनं आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटा.

शेवगा पीकेएम-१ जातीचा, बियांपासून. तीन फुटांवर शेंडा खुडा, नाहीतर खांबासारखा सरळ वाढतो आणि शेंगा गच्चीवरूनच तोडाव्या लागतात. शेंगा संपल्या की दरवर्षी पुन्हा तीन फुटांवर कापा. विजेच्या तारेखाली लावू नका, लाकूड फार ठिसूळ. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिसतात, ते खिडकीजवळ नको असतील तर जागा आधीच लांबची निवडा.

भाजीचे वाफे

वाफा तीन फूट रुंद, दहा फूट लांब, मध्ये दीड फुटाची वाट. यापेक्षा रुंद केला की खुरपताना त्यावर पाय पडतो आणि माती दबते. जून ते सप्टेंबर सहा ते आठ इंच उंच गादीवाफा, उन्हाळ्यात सपाट. दर हंगामाला वाफ्यामागे दोन घमेली शेणखत.

मेथी अख्खा वाफा एकदम पेरू नका. एक तृतीयांश आज, तेवढीच दहा दिवसांनी, उरलेली आणखी दहा दिवसांनी. अख्ख्या वाफ्याला १५-२० ग्रॅम बी पुरतं आणि २५-३० दिवसांत ती उपटायला येते. धने चपलेनं रगडून दोन फोडी करा, बारा तास भिजवा, मग पेरा. अख्खे धने उशिरा आणि विरळ उगवतात. एप्रिल-मेमध्ये कोथिंबीर सावलीची जाळी बांधल्याशिवाय जमत नाही. पालक महिन्याभरानं कापा, उपटू नका, पंधरा दिवसांनी पुन्हा येतो.

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं बारीक नायलॉन जाळीखाली करा, कारण पांढरी माशी आणि फुलकिडे रोपवयातच विषाणू देऊन जातात. मिरचीचा चुरडा-मुरडा झाल्यावर फवारण्या करून फारसं हाती लागत नाही. टोमॅटोच्या तळाला काळा, चामड्यासारखा डाग पडला तर तो रोग नाही: कधी कोरडं, कधी तुंबलेलं पाणी मिळाल्यानं फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी नियमित करा आणि वाफ्यावर उसाचं पाचट पसरा. वांग्याचा शेंडा माना टाकू लागला की आत अळी आहे. तो दर आठवड्याला खालपासून खुडून नष्ट केला तर फळातली कीड निम्म्यानं तरी थांबते. ही तिन्ही पिकं एकाच कुळातली, तेव्हा एकीच्या जागी लगेच दुसरी नको. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहेत, त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू लावा.

दुधी, दोडका, कारली यांचा मांडवही सावली पाडतो, तो उत्तरेच्या कुंपणालाच हवा. सुरुवातीला नुसती नर फुलं येऊन गळतात, त्यात काही बिघडलेलं नसतं. मादी फुलाखाली इवलं फळ असतं. तेच पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण होत नाहीये. कारली, काकडी, भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. त्या-त्या वेळी ताजं नर फूल तोडून, पाकळ्या मागे करून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. वेलींवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटीसारखी बुरशी, आली तर गंधकाची भुकटी उन्हात मारू नका, पानं पोळतात.

निंबोळी अर्क: २५० ग्रॅम निंबोळ्यांचं भरड कूट एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून पाच लिटर करा, चमचाभर साबणाचं पाणी घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनं फवारा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. भेंडीवर केवडा आला, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या झाल्या, तर याचा उपयोग झाडाला नाही, फक्त पांढरी माशी पळवायला आहे. केवड्याचं झाड त्याच दिवशी उपटा, आणि पुढच्या वेळी परभणी क्रांतीसारखी या रोगाला बऱ्यापैकी टिकणारी जात पेरा.